सत्कृत्यांची वही बंद करा, बाई

ताई, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला शिकवते. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्ग निम्म्यावर येतो. काही लेकरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, काही आजीआजोबांजवळ राहतात आणि हंगामी वसतिगृहात जेवतात.

जूनमध्ये मी वर्गात 'सत्कृत्यांची वही' सुरू केली. प्रत्येकाने रोज केलेलं एक चांगलं काम लिहायचं, शनिवारी परिपाठात त्यातली निवडक वाचायची, आणि महिन्याला एकाला 'सौजन्यवीर' म्हणून प्रमाणपत्र द्यायचं. फोटो पालकांच्या ग्रुपवर. पहिले दोन महिने वही तपासताना मला भरून यायचं. मग कुठेतरी बिघडलं. दोन पोरांनी आपसात ठरवूनच टाकलं : एकाने पट्टी पाडायची, दुसऱ्याने उचलून द्यायची, दुसऱ्या दिवशी उलट. एका आठवड्यात एकाच म्हातारीला पाच जणांनी रस्ता ओलांडून दिला. ही म्हातारी आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींची सासू. तिला विचारलं, तर म्हणाली, "मी तर आठ दिस उंबऱ्याबाहेर पाऊल नाही टाकलं गं."

इथपर्यंत हसून सोडून दिलं असतं. पण डिसेंबरात एका मुलाने वर्गातल्या एका मुलीला नवी कंपासपेटी दिली. तिच्याकडे नव्हती. मुख्याध्यापकांनी दोघांना ओट्यावर उभं करून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'गरजू विद्यार्थिनीस मदत'. तिचा बाप तिकडे कोल्हापूरकडे उसाच्या फडात. त्याने फोनवर पाहिला. रात्री आजीला काय बोलला ते माहीत नाही, पण पोरगी चार दिवस शाळेत आली नाही. आली तेव्हा कंपासपेटी माझ्या टेबलावर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

अजून एक. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं नाव त्या वहीत जवळजवळ नाहीच. रोज लिहिते, 'आज काही नाही'. परवा पाहिलं तर ती फळ्यावरचं दोन वह्यांत उतरवून घेत होती. एक तिची, एक तिच्या मैत्रिणीची. मैत्रीण आईबापाबरोबर तोडीला गेलीय. म्हटलं, अगं, हे लिही की वहीत. तर म्हणते, "त्यात काय बाई, मैत्रीण हाय ती माझी."

वही बंद करू का? मुख्याध्यापक म्हणतात, केंद्रप्रमुखांनी कौतुक केलंय, चालू ठेवा. बंद केली तर मुलं चांगलं वागायचंच सोडतील, अशीही भीती वाटते. आणि कंपासपेटी परत करणाऱ्या त्या मुलीचं काय करू? ती आता माझ्याशी बोलत नाही.

– एक शिक्षिका

*

बाई,

वही बंद करा. महिना संपायची, केंद्रप्रमुखांच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका. येत्या सोमवारीच करा.

मुलं चांगलं वागायचं सोडतील ही भीती मात्र बाळगू नका, कारण तिचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. सहा महिने रोज 'आज काही नाही' असं लिहिणारी पोरगी रोज दुपारी हात दुखेपर्यंत दुसऱ्याची वही भरत होती. तिला वहीने ते शिकवलं नाही, प्रमाणपत्राने शिकवलं नाही. उलट वहीला ते दिसलंच नाही. जे खरं होतं ते नोंदीच्या बाहेर राहिलं आणि पट्ट्या पाडण्याची नोंद मात्र तारीखवार झाली. तुमच्या वहीचा निकाल इतका स्पष्ट आहे की मला त्यावर फारसं बोलायचं कारणच नाही.

त्या पट्टीवाल्या दोघांना रागावू नका. आपण त्यांना बालवाडीपासून काय शिकवत आलो? प्रश्न आला की उत्तर लिहायचं, कोरी जागा सोडायची नाही. तुम्ही रोज एक प्रश्न टाकलात, 'आज काय चांगलं केलं?' त्यांनी उत्तर तयार केलं. आमच्या वेळी निबंधाच्या वहीत 'माझा आवडता छंद' यायचा, तेव्हा छंद नसलेली सगळी पोरं एका रात्रीत तिकिटं गोळा करायला लागायची. तसलाच हा प्रकार. पाच जणांनी एकाच म्हातारीला रस्ता ओलांडून दिला, यात मला लबाडीपेक्षा काकुळतीच जास्त दिसते. गाव छोटं, म्हाताऱ्या मोजक्या, आणि रोज एक सत्कृत्य हवं. आणणार कुठून?

बक्षिसाने काय होतं हे लोकांनी तपासून पाहिलेलं आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीत केला. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. मुलांनी चित्रं काढली, प्रमाणपत्रं घेतली. नंतरच्या दिवसांत मोकळ्या वेळात रंगीत पेनं पुन्हा समोर ठेवली, तेव्हा ही मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक, न सांगता मिळालं होतं, त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे गडबड कागदात नव्हती. 'हे केलंस तर ते मिळेल' या सौद्यात होती.

दुसरा प्रयोग तुमच्या पट्टीच्या आणखी जवळचा आहे. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी तो २००८ मध्ये प्रसिद्ध केला. वीस महिन्यांची पोरं, म्हणजे नीट बोलताही न येणारी. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू खाली पडते, त्याला ती पोचत नाही, पोरगं उठतं आणि उचलून देतं. कुणी शिकवलेलं नसतं. काहींना प्रत्येक वेळी छोटंसं बक्षीस दिलं, काहींना नुसतं तोंडी कौतुक, काहींना काहीच नाही. पुढे बक्षीस बंद झाल्यावर बक्षीसवाल्यांची मदत कमी झाली. कौतुकवाल्यांची आणि काहीच न मिळालेल्यांची झाली नाही.

यातला शेवटचा भाग नीट लक्षात ठेवा, कारण वही बंद केली म्हणजे आता तोंडाने 'शाब्बास' सुद्धा म्हणायचं नाही, असा अर्थ कुणीतरी काढणारच. म्हणा की. पण जाताजाता, त्या मुलाजवळ जाऊन, हलक्या आवाजात आणि नेमकं म्हणा. 'तू फार गुणी आहेस' हे कुणालाही म्हणता येतं. 'पहिलीतल्या त्या पोराचं दप्तर तू पायऱ्यांवरून वर नेलंस ना, मी पाहिलं' हे ज्याने पाहिलं त्यालाच म्हणता येतं, आणि मुलांना तो फरक बरोबर कळतो.

आता फोटो. खरं दुखणं इथेच आहे.

त्या बापाच्या जागी क्षणभर बसा. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, ती फेडायची म्हणून नवराबायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, घरापासून कितीतरी कोसांवर. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, कारखान्यावर नंबर लागेपर्यंत ताटकळायचं. रात्री कोपीवर येऊन भाकरी खाता खाता फोन उघडला तर पोरगी दिसते. आनंद व्हायला हवा. पण खाली लिहिलंय 'गरजू'. तोच ग्रुप त्याच्या भावकीतही जातो, सोयऱ्यांतही, टोळीतल्या दुसऱ्या कोयत्यांकडेही. ज्या पोरीसाठी तो तिथे राबतोय, तिला तो साधी कंपासपेटी घेऊन देऊ शकत नाही असं सगळ्या गावाला छापून सांगितल्यासारखं झालं. तो आजीवर ओरडला असेल तर मला त्याचा राग येत नाही.

पोरीने पेटी परत आणून ठेवली, हे तर मला फार शहाणपणाचं वाटतं. तिच्या हातात तेवढंच होतं आणि तिने ते केलं. ती बोलत नाही म्हणून तिच्या मागे लागू नका. तिला ऑफिसात बोलावू नका, परिपाठात माफी मागू नका. माफीचाही समारंभ होतो आणि पुन्हा तीच पोरगी मध्ये उभी राहते.

फोन तिच्या वडिलांना करा. तुम्ही स्वतः, मुख्याध्यापकांमार्फत नाही. संध्याकाळी उशिरा करा, दिवसा तो फडात असणार. लांबड लावू नका. 'दादा, तो फोटो टाकायला नको होता. ग्रुपवरून काढायला सांगितलाय. पोरगी अभ्यासात कशी आहे ते सांगायला फोन केला,' एवढं बोला आणि मग खरोखर अभ्यासाबद्दलच बोला. तिला भूमिती जमते का, वाचन कसं आहे. शाळेतून आलेल्या फोनवर पोरीचं काही चांगलं ऐकायला मिळणं ही त्या माणसासाठी नवी गोष्ट असेल. पोरीला ते आजीकडून आपोआप कळेल. ती तुमच्याशी बोलायला लागेल तेव्हा लागेल.

ज्या मुलाने पेटी दिली त्याला विसरू नका. त्याची वस्तू सगळ्यांदेखत परत आलीय. त्याला बाजूला घेऊन सांगा की तुझं देणं चांगलं होतं, फोटो काढणं मोठ्यांचं काम होतं आणि ते बरोबर नव्हतं. अकरा वर्षांच्या पोराला एवढं स्पष्ट सांगितलेलं समजतं. पेटी त्याला परत देऊ नका, तिलाही पुन्हा देऊ नका. तिची सोय पुढे सांगते.

आपल्याकडे या बाबतीत मोठा वारसा आहे, फक्त आपण त्याची जयंती करतो आणि पद्धत विसरतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. पोरं गरिबांची, सगळ्या जातींची. पैसा इतका कमी की त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा विकलं. या मोठ्या त्यागाची गोष्ट भाषणांत येते आणि यायलाच हवी. पण मला त्या वसतिगृहातली दुसरी एक गोष्ट जास्त उपयोगाची वाटते : तिथे सगळेच काम करायचे. स्वयंपाक पोरं करायची, शेतात पोरं राबायची, 'कमवा आणि शिका' त्यातूनच उभं राहिलं. त्यामुळे ताटावर बसणाऱ्या कुठल्याही पोराला 'मी उपकाराचं खातोय' असं वाटायचं कारण नव्हतं. घेणाराच दुसऱ्या हाताने देणारा होता. तुमच्या ओट्यावर मात्र एक देणारा आणि एक घेणारी अशी कायमची वाटणी झाली, तीही फोटोसकट.

आणि साने गुरुजी. अमळनेरला छात्रालय सांभाळत होते तेव्हा पोरांच्या खोल्या आवरणं, कपडे नीट ठेवणं असली कामं ते स्वतः, पोरांना न सांगता करून टाकत. गाजावाजा न करता कसं करायचं याचा धडा शाळेला हवा असेल तर तो परगावाहून आणायची गरज नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : नोंद ठेवायचीच असेल तर चांगुलपणाची नको, गरजेची ठेवा. कुणी काय केलं हे विचारू नका. काय अडलंय ते विचारा.

तुमच्या वर्गात काय अडतं याचा अंदाज बांधणं अवघड नाही. पुस्तकं सरकार देतं, गणवेश येतो, दुपारी सहावीच्या लेकराला दीडशे ग्रॅम तांदळाच्या हिशेबाने खिचडी मिळते. वह्या, पेन, रिफिल, कंपास, खोडरबर, चित्रकलेचे रंग घरून आणायचे. म्हणजे कोण कुठल्या घरचं आहे हे गणवेशात झाकलं जातं आणि कंपासपेटी उघडायच्या तासाला उघडं पडतं. भूमितीचा तास आला की काही पोरांना नेमकं पोट दुखतं, ते का, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत असेल.

तर वर्गाच्या मागच्या कपाटात किंवा खिडकीत एक पेटी ठेवा. बुटाचं खोकंही चालेल. त्यात पेनं, रिफिली, दोनचार कंपासपेट्या, पट्ट्या, कोऱ्या वह्या. ही पेटी कुणाची? वर्गाची. ज्याला लागेल त्याने घ्यायचं, कुणाला विचारायचं नाही, कुठे लिहायचं नाही. शक्य असेल तेव्हा कुणीही काहीही टाकायचं, तेही न सांगता. तुमच्या ड्रॉवरमधली ती कंपासपेटी यात टाका, दोनचार जुन्या पेट्यांच्या खाली. पहिल्या आठवड्यात त्या पेटीला कुणी हात लावणार नाही, हे आधीच सांगते. जो पहिला उठेल तो 'गरजू' ठरेल ही धास्ती आता वर्गात बसलीय. म्हणून पहिल्या तुम्ही उठा. शिकवता शिकवता पेन चालेनासं झालं की सरळ मागे जा, पेटीतून पेन घ्या, लिहा, परत ठेवा. दोनतीनदा असं झालं की सरपंचाचा पोरगाही रिफिल काढेल आणि मग कुणाला काही वाटणार नाही. वस्तू हरवतील, कुणी दोनदा नेईल, कुणी घरी लहान भावाला नेईल. नेऊ द्या. चौकशी लावलीत की पेटी संपली.

सहावी ते आठवीच्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड हवेतच, पण ते या पेटीत नकोत. मुलींच्या स्वच्छतागृहात किंवा त्याच्या शेजारच्या खोलीत, जिथून कुणाच्याही नजरेसमोरून न जाता घेता येतील तिथे. बाईंकडे जाऊन 'बाई, पॅड' म्हणायला लागणं आणि पॅड नसणं यात बऱ्याच पोरी दुसरं पसंत करतात आणि दुपारी घरी निघून जातात.

शनिवारी, परिपाठात वाचायला आता सत्कृत्यं नसतील, त्या वेळेत चिठ्ठ्या वाचा. नाव न घालता प्रत्येकाने लिहायचं : शाळेत कुणाला कशाची अडचण होते? कुणाचंही नाव त्यात येणार नाही हा एकच नियम. बघा काय येतं ते. पाण्याच्या टाकीचा नळ पहिलीच्या पोरांना पोचत नाही. मागच्या बाकावरून फळा चमकतो. खिचडी वाढताना शेवटच्या रांगेला डाळ तळाशी गेलेली मिळते. नवीन आलेल्या पोराला मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेत नाही. ही यादी फळ्यावर लिहा आणि विचारा, यातलं आपल्याला काय करता येईल? नळाखाली दोन विटा कोण रचेल, रांग आठवड्याआड कशी उलटी करायची, ही कामं सगळ्यांची असतात, त्यात कुणी वीर होत नाही. आणि पट्टी पाडणाऱ्या त्या दोघांना विटांचं काम द्या. ती दोघं संघटनेत पक्की आहेत हे त्यांनी सिद्ध केलंय.

मुलांना सांगताना भाषण नको. 'आजपासून वही लिहायची नाही. तुमचं काही चुकलं म्हणून नाही. चांगलं वागायला वही लागत नाही, हे मला तुमच्याकडे बघूनच कळलं.' झालं. कुणीतरी विचारेलच, 'मग सौजन्यवीर?' म्हणावं, तेही बंद. ज्यांना मिळालंय त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या, परत घेऊ नका.

मुख्याध्यापकांशी वाद घालत बसू नका, त्यात तुमचाच वेळ जाईल. 'वही बंद केली' असं म्हणण्यापेक्षा 'उपक्रमाचा पुढचा टप्पा' म्हणा. आपल्या खात्यात पुढच्या टप्प्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. फोटोचा मुद्दा मात्र मोघम ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. येत्या बैठकीत एवढा एकच ठराव मांडा : कुठल्याही मुलाला मदत मिळताना त्याचा फोटो काढायचा नाही, कुठे टाकायचा नाही, मग दाता गावातला असो की बाहेरची संस्था. दप्तरं वाटायला गाडी घेऊन येणारे पाहुणेही त्यात आले. तुम्ही एकट्या म्हणालात तर ती कुरकुर ठरेल, पालकांनी म्हटलं तर ठराव होईल. समितीतल्या आया या मुद्द्यावर तुमच्या बाजूने बोलतील असं माझं मन सांगतं, त्यांच्यातल्या काहींचे नवरे आत्ता तोडीलाच असतील.

राहिली दोन वह्या लिहिणारी. तिचं नाव परिपाठात घेऊ नका, तिचं उदाहरण देऊ नका. पण एक गोष्ट हळूच विचारा : दुसरी वही कुणाच्या पैशांतली? पेन एकच असेल तर रिफिल दुप्पट वेगाने संपत असणार. पेटीत वह्या आणि रिफिली भरपूर असतील याची काळजी घ्या, तिला ते दिसेल. शिवाय ती सगळे विषय एकटीच उतरवून काढते आहे, आणि त्यापायी तिचं स्वतःचं ऐकायचं राहत असेल. हे काम तिचं आहे, ते तिच्याकडून काढून घेऊन 'वर्गाचा प्रकल्प' करू नका. पण तोडीला गेलेली लेकरं काही एक नाही. बाकीच्यांसाठी शेवटच्या तासाची दहा मिनिटं मोकळी ठेवा आणि ज्याला ज्याच्यासाठी लिहावंसं वाटतं त्याने लिहावं. कुणी गणित घेईल, कुणी इंग्रजी. ज्याच्यासाठी कुणीच पुढे आलं नाही, त्याची वही तुम्ही लिहा. पोरं बघतील.

आणि टोळ्या परततील तेव्हा या वह्या वाटपाच्या कार्यक्रमात देऊ नका, हे आता तुम्हाला सांगायला नको. पण परतणाऱ्या पोरांना नुसतं घ्यायलाच लावू नका. ती पाचसहा महिन्यांत जे बघून येतात ते तुमच्या वर्गातल्या कुणाला माहीत नसतं. मोळीचं वजन किती, वजनकाट्यावर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांतून उसाचं वजन कसं काढतात, कुठला कारखाना कुठल्या नदीकाठी, वाढं, म्हणजे उसाचा वरचा हिरवा पाला, कुणाला विकतात. सहावीला शतमान आहे, गुणोत्तर-प्रमाण आहे, नफा-तोटा आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. जुना दर पोरांनी घरून विचारून यावा, नवा काढावा, मग एका कोयत्याने दिवसात इतके टन तोडले तर हातात किती येतील आणि त्यातून उचल किती दिवसांत फिटेल, हे गणित त्यांनाच फळ्यावर मांडायला लावा. बाकीची उतरवून घेतील. घरी राहिलेल्या पोरांना त्या दिवशी पहिल्यांदा कळेल की आपले आईबाप नेमकं काय करतात, आणि कंपासपेटी परत करणाऱ्या तुमच्या त्या विद्यार्थिनीलाही यात सांगायला बरंच काही असेल. तिला तुम्ही होऊन उठवू नका. तिने हात वर केला तर आधी तिला बोलू द्या.

गुढीपाडव्याच्या आगेमागे पहिल्या टोळ्या यायला लागतात, तोवर निदान शतमानाचं प्रकरण तरी त्या दुसऱ्या वह्यांत पुरं होऊ द्या. आल्याआल्या त्यांची चाचणी घेऊ नका. पहिला आठवडा ज्याची वही ज्याने लिहिली त्याच्या शेजारी त्याला बसवा आणि त्यांचं अक्षर एकमेकांना लागत नसेल, तर ते भांडण त्यांचं त्यांना करू द्या.

तुमची,
ताई